मोकळी कधी?

शुभा, काल आंबेपाड्याला जाऊन आले. एकटीच गेले. निघताना सवयीनं गाडीचं तुझ्या बाजूचं दार आतून उघडलं आणि मग पुन्हा लावून घेतलं. आपलं ते भांडण मिटलं, हे तुला सांगायचंय. पण लगेच नाही सांगणार. आधी मला तुझ्यावर जरा चिडू दे. साध्या बैठकीतून उठतानासुद्धा 'मी आलेच हं' म्हणणारी बाई तू. अशी कशी गेलीस, एका शब्दानं न सांगता?

भाऊजींचा फोन सकाळी आला. "रंजना, शुभा गेली," एवढंच म्हणाले. मला वाटलं, तू पाड्यावर गेलीस. मी वैतागून म्हटलं, "अहो, एवढ्या लवकर? आधी माझ्याकडे येणार होती ना ती?" मग तुझ्या जाऊबाईंनी फोन घेतला आणि सांगितलं. चहाचं आधण ठेवलं होतंस, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझं ते वाक्य भाऊजींच्या डोक्यातून गेलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या कामात 'गेली' म्हणजे साइटवर गेली, ग. दुसरा अर्थ मला सुचलाच नाही.

तुझ्या दारात त्या दिवशी खूप माणसं होती. आंबेपाड्याचीही पाच-सहा जणं टेम्पोतून आली होती. त्यातली लाडकीबाय जिन्याच्या कडेला उभी होती, आत यायला तयार नव्हती. मी हात धरून आत आणलं, तर तुझ्याकडे बघून म्हणाली, "झोपल्यावानी दिसतं." मग तिनं तुझा पदर नीट केला. मला ते सुचलं नव्हतं. बोईसरमधल्या कुणीतरी मागे हळूच विचारलं, "या बाई काय करायच्या?" आणि त्याला मिळालेलं उत्तर ऐकून तू हसली असतीस: "त्या दोघी मिळून गावं काढायच्या."

काढायचोच आपण गावं. कागदावर. घरं कुठे येतील, वाट कुठून जाईल, पावसाचं पाणी कुठे निघून जाईल, शाळा, विहीर, स्मशान. माझ्या आईला हे काम कधीच कळलं नाही. "गाव तर हायच, मंग तुमी काढता काय?" असं विचारायची. तू तिला एकदा सगळं समजावून सांगितलंस, ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे तलाठी." तेव्हापासून कागद माझ्याकडे सरकवताना तू म्हणायचीस, "घ्या तलाठीबाई, तपासा." माझं आडनाव तांडेल, आणि तू मला तांडेल, तलाठी, तोंडाळ, जे येईल ते म्हणायचीस. मला नावानं हाक मारल्याचं फार थोड्या वेळा आठवतं. हाक मारलीस की समजायचं, आज बाई खरंच रागावल्या आहेत.

आपली ओळखच मुळी तुझ्या चुकीतून झाली. तू तेव्हा मुंबईच्या कुठल्याशा कचेरीत नोकरीला होतीस आणि आमच्या सातपाटीच्या किनाऱ्याचा आराखडा घेऊन आली होतीस. मी पालघरला एका कंत्राटदाराकडे घरांचे नकाशे काढत होते. आईबरोबर सभेला आले ती केवळ करमणूक म्हणून. भिंतीवर तुझा रंगीत कागद टांगला होता. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यावर हिरवा रंग, त्यावर बाक, मधून फिरायची वाट, आणि बाजूला लिहिलेलं, 'मोकळी जागा'. त्या जागेवर आमच्या आज्यापणज्या बोंबील वाळवत आल्या. बांबू रोवून दोऱ्या ताणतात आणि ओळीनं बोंबील टांगतात. अर्ध्या गावाचं पोट त्या पट्ट्यावर. मी उठले आणि म्हटलं, "बाई, हे बाक बोंबलांना बसायला का?"

सभा हसली. तुझे कान लाल झाले, पण तू कागद गुंडाळला नाहीस. म्हणालीस, "मी दोनदा येऊन पाहिलं. जागा मोकळीच होती."

"कधी आला होतात?"

"आषाढात."

मग काय विचारता. आषाढात होड्या ओढून शाकारून ठेवलेल्या, मासेमारी बंद, वाळवणाच्या जागेवर कुत्रंही फिरकत नाही. मी म्हटलं, "आषाढात समुद्र पण मोकळाच असतो. तिथे पण टाका चार बाक." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता ही कऱ्हाडकडची बाई रडते तरी किंवा साहेबांची भीती घालते तरी. तू पेन काढलंस आणि मलाच विचारलंस, "मग ती मोकळी कधी असते? कधीपासून कधीपर्यंत?"

हा प्रश्न आमच्या गावात आजवर कुणी विचारला नव्हता. येणारे सगळे आमची जागा कुणाची, किती, कागद आहेत का, एवढंच विचारायचे. नारळी पौर्णिमेनंतर तू पुन्हा आलीस. नाकाला रुमाल लावून दोऱ्यांच्या मधून चाललीस, माझी आई खुदूखुदू हसत होती. तू कागदावरचे बाक खोडलेस आणि 'मोकळी जागा' खोडून लिहिलंस, 'मोकळी: आषाढ ते नारळी पौर्णिमा'. कचेरीत तुला सांगण्यात आलं की नकाशात असं लिहीत नाहीत. तू लिहीतच राहिलीस, आणि शेवटी तिथून निघून बोईसरला आलीस. मेडिकलच्या वरच्या त्या खोलीत आपली दोन टेबलं लागली.

तुला एक कधी सांगितलं नाही. त्या सभेवरून घरी येताना मी आईला म्हटलं होतं, मला या बाईबरोबर काम करायचंय. चूक झाल्यावर दुसरा प्रश्न विचारणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्यात चूक झाली की आवाज वाढवतात, मी तर पहिली. हे तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर डोक्यावर बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं. आता बस हवी तितकी.

मग ते आपलं वेडच झालं. कुठल्याही गावात गेलो की रिकाम्या दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्यासमोर तू उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "मोकळी कधी?" उन्हाळ्यात बघून भागत नसे, तुला तिन्ही ऋतू लागायचे. खळ्याची जागा सुगीपुरती. लग्नाच्या मांडवाची जागा उन्हाळ्यापुरती. चिंचणीत एका वाडीच्या कडेला तर एक तुकडा फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी भरायचा, बाकी सगळे दिवस तिथे शेळ्या. मी म्हणायचे, अग, सरकारला असले नकाशे कळत नाहीत. तू म्हणायचीस, कळेपर्यंत काढू.

आणि कुंभवली. ते तर तुझंच गाव म्हणायचं. तुझे वडील कऱ्हाडहून इथल्या कारखान्यात रंगखात्यावर कामाला आले, तिथल्याच एका खोलीत तू वाढलीस. कारखान्यांच्या बाजूच्या त्या रिकाम्या तुकड्याला भिंत घालून आत बाग करायची, असं ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं. मी सकाळी जाऊन पाहिलं, एक माणूस नव्हता. मी म्हटलं, ही तरी मोकळी आहे, देऊन टाकू भिंत. तू मला तिथेच बसवून ठेवलंस. ऊन तापलं, मी तुला भरपूर ऐकवलं, तू शेंगा खात बसलीस. मग पाळी सुटली आणि बघता बघता ती जागा भरली. सायकली, भाजीच्या पाट्या, भजीची गाडी, आणि कोपऱ्या-कोपऱ्यात फोन कानाला लावून उभी असलेली लांबच्या मुलखातली पोरं. "हाँ अम्मा, खा लिया," असं एक जण सांगत होता आणि भजीचा पुडा त्याच्या हातात तसाच होता.

तू म्हणालीस, "मी इथेच उभी राहायचे अण्णांची वाट बघत. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. घरी जाऊन धुवेपर्यंत मला जवळ घ्यायचे नाहीत. चालताना मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरायचे." हे तू माझ्याकडे न बघता सांगितलंस, कागदावर रेघ मारत. तिथली भिंत बारगळली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, मी ते उन्हावर ढकललं. तुलाही ते कळलं असणार. तू मला शेंगा दिल्यास.

आता भांडणाकडे येते.

आंबेपाडा मोठ्या रस्त्यात गेला. पालघरच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाचा पाडा, इन मीन वीस-बावीस घरं, पावसावरची भातशेती, दिवाळीनंतर निम्मी माणसं कामाला बाहेर. रस्ता त्यांच्या घरांवरून जाणार आणि त्यांना जवळच्याच माळावर वसवणार, असं ठरलं. नव्या पाड्याचा आराखडा आपल्याकडे आला. तू हिवाळाभर आणि उन्हाळाभर तिथे खेपा घातल्यास. पाड्यातल्या बाया तुझ्याबरोबर माळावर यायच्या, दोरी धरायच्या, खुंट्या ठोकायच्या, आणि तू त्यांना विचारून विचारून घरं मांडलीस. कुणाला कुणाचं दार समोर हवं, कुणाला मुळीच नको, कुणाच्या अंगणात भात झोडायचं. सगळं जमलं. तीन घरांचं जमेना.

ती तीन घरं उताराला, ओहोळाच्या काठाला येत होती. त्यातलं एक लाडकीबायचं. मी म्हटलं, पावसात ओहोळ चढला तर यांच्या चुलीत पाणी जाईल, त्यांना वर करंजाच्या झाडाखाली आण. तिथे उंचवटा आहे, जागा पण मोकळी आहे. तू म्हणालीस, "ती मोकळी नाही."

"कशावरून?"

"झाडलेली असते. मी जेव्हा जेव्हा जाते तेव्हा करंजाखालचा पाला काढलेला असतो. झाडूचे वळ दिसतात मातीत. झाडलेली जागा कुणाची तरी असते, तांडेल."

तू बायांना विचारलंस, इथे कोण बसतं? तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि एकमेकींना ढकलायला लागल्या. झालं. तू ठरवूनच टाकलंस की हे काहीतरी त्यांचं आतलं आहे, देवाचं असेल, बाहेरच्याला सांगत नसतील, आणि आपण खोदून विचारायचं नाही. मी म्हटलं, देव असता तर दगड असता, शेंदूर असता. तू म्हणालीस, सगळे देव तुझ्या-माझ्या ओळखीचे नसतात. मी म्हटलं, तुझ्या न दिसणाऱ्या देवापायी लाडकीबाय पाण्यात जाईल. त्यावर तू मला "रंजना" म्हणालीस.

उन्हाळाभर आपण यावर भांडलो. जेवताना, गाडीत, फोनवर. मेडिकलशेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यानं एकदा मशीन बंद करून विचारलं, "मॅडम, सब ठीक है ना ऊपर?" आपल्या शेवटच्या दिवशीही तेच चाललं होतं. तू पिशवी उचलून म्हणालीस, "पाऊस लागू दे. ओहोळ कुठवर येतो ते बघू, करंजाखाली कोण येतं ते बघू. तोवर कागद मिटव. सकाळी तुझ्याकडे येते, जाऊन नुसतं बघून तरी येऊ." सगळे मला सांगतात, शेवटी भांडण झालं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. भांडण नसतं तर आपण दोघी त्या खोलीत काय केलं असतं? वाईट याचं वाटतं, की उत्तर मिळालं आणि तू नाहीस.

शुभा, मी काल तिथे गेले ते तुझं खरं ठरावं म्हणून. कुणाला सांगू नकोस. मला जिंकायचंच नव्हतं. वाटेत मी मनात म्हणत होते, कुणीतरी असू दे त्या झाडाखाली. गुरं बसलेली असू देत, म्हातारे विडी ओढत असू देत, एखादा दगड तरी असू दे. ओहोळ फुगून वाहत होता. तुझ्या त्या तीन घरांच्या खुंट्यांपैकी दोन पाण्यात होत्या, तिसरी दिसतच नव्हती. तिथे घरं नाहीच येऊ शकत. मग मी वर गेले.

करंजाखाली कुणी नव्हतं. झाडलेलंही नव्हतं. टाकळा नुसता माजला होता, गुडघ्याएवढा. ज्या जागेवरून तू माझ्याशी उन्हाळाभर भांडलीस, तिथे लाडकीबाय वाकून भाजीला टाकळा खुडत होती. मला बघून उभी राहिली. माझ्या मागे कुणी येतंय का, तेही तिनं बघितलं. सवयच ती. मग तिलाच आठवलं, आणि ती पुन्हा खाली बसली.

मी विचारलं, "लाडकीबाय, खरं सांग. ही जागा कुणाची? इथे कोण बसायचं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमची बाय."

"कोण बाय?"

"तुमचीच. दुपारची हितं बसून डबा खायची ना. पाल्यात इचू असतो. ती येयची त्या दिशी आमी सकाळचं झाडून ठेवायचो."

मी विचारलं, "मग तिनं विचारलं तेव्हा सांगितलं का नाही तिला?"

लाडकीबायनं तेव्हासारखाच पदर तोंडाला लावला. "तुज्यासाटी झाडतो, असं तोंडावर कसं सांगायचं? लाज वाटते." मग पदर तसाच डोळ्यांना लावला. "आता कोनासाटी झाडू? आता मोकळीच हाय ती."

आणि शुभा, मी हसले. तुझी शपथ, तिथे पावसात उभी राहून मी मोठ्यांदा हसले, कारण असली चूक फक्त तूच करू शकतेस. सगळ्या जगाला 'इथे कोण बसतं' म्हणून विचारत फिरलीस आणि स्वतः तिथे डबा उघडून बसत होतीस, भाकरी-ठेचा आणि माझ्या आईची बोंबलाची चटणी, जिच्यासाठी पुढे पुढे तू माझ्या मागे लागायचीस. ज्यांच्या जागेसाठी तू भांडत होतीस, ते तुझ्यासाठी जागा करत होते. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. हसता हसता मला जे रडू आलं ते लाडकीबायच्या खांद्यावर. तिच्या ओंजळीतला टाकळा सगळा खाली सांडला.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "माजं घर कुटं टाकनार?" मी खाली ओहोळाकडे बघितलं. ती म्हणाली, "हितं टाक. वळखीची जागा हाय."

आज खोलीत आले. तुझ्या टेबलाकडे बघायचं नाही असं ठरवून आले आणि तिथेच बसले, कारण आराखडा तुझ्याच टेबलावर आहे. करंजाच्या झाडाभोवती तू पेन्सिलीनं गोल काढून ठेवलायस आणि बाजूला तुझं ते बारीक अक्षर: 'मोकळी:' आणि पुढे कोरं. तुला पाऊस बघून भरायचं होतं. मी पेन्सिल घेतली. पुढे लिहिलं, 'तू गेल्यापासून'.

पुष्कळ वेळ ते तसंच राहू दिलं. मग खोडलं, आणि तिथे लाडकीबायचं घर काढलं.